संगमरवरी ओट्यावरील डागांचा धनी कोण?

पाणी, लिफ्ट आणि वाहनतळ या तीन नित्याच्या गाऱ्हाण्यांच्या जोडीला नवी मुंबईतील उलव्याच्या गृहनिर्माण संस्थांतून अलीकडे चौथे एक गाऱ्हाणे ऐकू येऊ लागले आहे, आणि ते स्वयंपाकघरातील पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर पडणाऱ्या डागांचे आहे. वरवर पाहता हा विषय वृत्तपत्राच्या स्तंभात मांडण्याच्या योग्यतेचा नाही, असे कोणास वाटेल. परंतु ज्या डागापायी घरात दिवसेंदिवस धुसफूस चालते, कंत्राटदाराशी हमरीतुमरी होते आणि अखेरीस धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पगारातून रक्कम कापली जाते, तो डाग केवळ गृहशोभेची बाब राहत नाही. त्यात न्यायाचा प्रश्न गुंतलेला आहे, आणि त्याचा दोष आजवर सर्रास चुकीच्या माणसाच्या माथी मारला जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलव्याची भूमी जाणणाऱ्यास येथे संगमरवर कोठून आला याचे नवल वाटावे. हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, आणि त्यांतून जो बेसाल्ट घडला त्यातच समोरच्या खाडीतील घारापुरीची लेणी कोरली गेली, त्याच दगडावर येथल्या जुन्या घरांची जोती उभी राहिली, आणि त्याचेच पाटे-वरवंटे आगरी-कोळ्यांच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या मसाला वाटत राहिले. त्या पाट्यावर चिंच ठेचा, कोकम चोळा की हळद वाटा, त्याला त्याचे सोयरसुतक नसे. संगमरवर मात्र महाराष्ट्राला बहुतांशी बाहेरूनच आणावा लागला. नागपूरच्या उत्तरेकडील अतिप्राचीन खडकांत तो आढळतो खरा, तथापि इमारतीस लागणारा उत्तम पांढरा दगड राजस्थानातील मकराण्याकडून येई, आणि तो आणणे किती खर्चाचे होते याची साक्ष छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबरा अद्यापि देत उभा आहे. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या बेगमेसाठी बांधलेल्या त्या वास्तूत मुख्य घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा एवढाच काय तो संगमरवर असून बाकीचे शुभ्र अंग पुष्कळसे चुन्याच्या गिलाव्याचे आहे. बादशाही खजिन्यालाही जो दगड हात राखून वापरावा लागला, तो आज दोन खोल्यांच्या सदनिकेत गॅसच्या शेगडीखाली येऊन बसला आहे.

हे कसे घडले ते समजण्याजोगे आहे, आणि त्याचा उपहास करण्याचा माझा यत्किंचितही इरादा नाही. नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली, येथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादनात गेल्या, त्यांच्या वाजवी मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात जो लढा झाला त्यात पाच जणांनी प्राण वेचले, आणि त्या लढ्याचे फलित म्हणून पुढे हाती आलेल्या, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर आजचे उलवे फार मोठ्या प्रमाणात उभे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये बामणडोंगरी आणि खारकोपर येथे रेल्वे आली. जानेवारी २०२४ मध्ये ती उरणपर्यंत पोहोचली आणि त्याच महिन्यात अटल सेतूने हा किनारा शिवडीला जोडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. लालबाग-परळच्या चाळीत किंवा चेंबूर-घाटकोपरच्या भाड्याच्या खोलीत, कडाप्प्याच्या वीतभर ओट्यावर ज्यांनी उमेदीची वर्षे स्वयंपाक केला, त्यांनी कर्ज काढून घेतलेल्या स्वतःच्या घरात एक तरी वस्तू शुभ्र आणि देखणी असावी अशी इच्छा धरली, तर ती इच्छा मला सर्वथा आदरणीय वाटते. विकासक ताबा देताना ओट्यावर सहसा ग्रॅनाइट बसवून देतो. गृहप्रवेशापूर्वी तो उखडून त्या जागी करड्या शिरांचा पांढरा संगमरवर घालण्याची तजवीज सजावटकार करतो. नमुन्याची चकचकीत लादी दाखविली जाते, दर ठरतो, इसार दिला जातो, आणि या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट मात्र कोणीही उच्चारत नाही, की या दगडाचे आणि आंबटाचे जन्माचे वैर आहे.

संगमरवर म्हणजे भूगर्भातील उष्णतेने आणि दाबाने रूपांतर पावलेला चुनखडक. त्याचा देह कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि कोणतेही आम्ल लागताच कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागते, मग ते आम्ल कारखान्यातले असो की कोशिंबिरीतले. लिंबात सायट्रिक आम्ल आहे, चिंचेत टार्टारिक, ताकात लॅक्टिक, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. टोमॅटो, कैरी, आवळा, कोकम यांची तर गोष्टच नको. म्हणजे ज्या पदार्थांवाचून आपली आमटी, आपले सार, आपले माशांचे कालवण आणि आपले लोणचे होतच नाही, त्यांपैकी प्रत्येक या दगडाच्या पृष्ठभागाला पोखरणारा आहे. युरोपातील मिठाईवाले थंड संगमरवरावर पीठ मळतात हे खरे, आणि आपल्याकडेही संगमरवरी पोळपाट कौतुकाने वापरला जातो, कारण कणकेने आणि पोळीने त्या दगडाला काही होत नाही. पण पोळपाटावर चिंचेचा कोळ काढण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

सोलकढीसाठी काढलेल्या कोकमाच्या आगळाचा थेंब ओट्यावर सांडला आणि तो तासाभराने ध्यानात आला, तर काय दिसते ते एकदा बारकाईने पाहण्यासारखे असते. मधोमध गुलाबी-जांभळट छटा उरलेली असते, ती ओल्या फडक्याने पुसल्यावर फिकी होते. परंतु थेंब जेवढ्या जागेवर पसरला होता तेवढ्या जागेत, वाकून खिडकीच्या उजेडाच्या दिशेने पाहिले असता, एक निस्तेज वर्तुळ दिसते. त्यावरून नख हलकेच फिरविले तर भोवतालच्या गुळगुळीत पृष्ठभागाहून ते किंचित खरखरीत लागते. समोरून पाहणाऱ्याला हे वर्तुळ दिसतही नाही, आणि म्हणूनच ते बहुधा पाहुण्यांसमोर, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, प्रथम उघड होते. या एका थेंबाने दोन भिन्न गोष्टी केल्या आहेत. गुलाबी छटा हा डाग. बाहेरचे काहीतरी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरले आहे. निस्तेज वर्तुळाला आपले कारागीर ‘पॉलिश उडाले’ असे म्हणतात, आणि ते अगदी यथार्थ आहे. तेथे दगडाचाच अत्यल्प अंश नाहीसा झाला आहे. आत शिरलेले बाहेर ओढून काढता येते. नाहीसे झालेले पुसून परत येत नाही. घरोघरच्या अनर्थाचे मूळ हा भेद कोणी न सांगण्यात आहे, कारण पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर श्रम फुकट जातात, आणि दोहोंवर आपण जो सर्वसाधारण उपाय करतो तो दोहोंनाही घातक ठरतो.

तो उपाय कोणता हे सांगावयास नकोच. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या तांब्या-पितळेची भांडी चिंचेने आणि लिंबाच्या सालीने उजळत आली. तेव्हा जे आंबट ते स्वच्छ करणारे, ही समजूत हाडीमाशी खिळलेली आहे. डाग दिसला की लिंबू चोळले जाते. लिंबाने भागले नाही की व्हिनेगर येते. त्यानेही भागले नाही की न्हाणीघरातील फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली येते, जिच्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ओतताच दगड फसफसतो, आणि मळ निघत असल्याचा भास होऊन हात अधिकच जोराने चालतो. वास्तविक तो फेस विरघळणाऱ्या दगडातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. अशा ओट्यावर जर त्याआधी ब्लीचिंगचे द्रावण टाकलेले असेल, तर दोहोंच्या संयोगाने क्लोरीन हा विषारी वायू उत्पन्न होतो, आणि तो श्वासात जातो तो पुसणाऱ्या बाईच्या.

हळदीची कथा निराळी आहे. हळद आम्ल नव्हे. ती पॉलिश उडवीत नाही, केवळ रंगवते. पण तिच्यावर साबण किंवा धुण्याचा सोडा चोळला की पिवळा डाग क्षणात लालसर होतो आणि गृहिणीच्या पोटात गोळा येतो. भिण्याचे वस्तुतः काही कारण नाही. हळदीला चुना लावला की कुंकू होते हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. क्षाराच्या संगतीत हळदीचे रंगद्रव्य लाल होते, तेच येथेही घडले आहे, आणि साधे पाणी पुन्हा पुन्हा फिरवून क्षार धुऊन काढला की तो रंग मावळत जातो. हेच रंगद्रव्य उन्हात टिकत नाही, म्हणून हळदीचे डाग पडलेली वस्त्रे उन्हात घालण्याचा शिरस्ता आपल्याकडे पडला. खिडकीलगतच्या ओट्यावरील हळद त्याच कारणाने काही दिवसांत आपोआप फिकी होते.

उलव्याला आणखी एक संकट आहे, ते या नगराच्या जन्माशीच निगडित आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली, भोवताली इमारतींची कामे अखंड चालू आहेत, आणि रस्त्यांवरून खडी-रेतीचे डंपर रात्रंदिवस धावत असतात. त्या साऱ्याची धूळ सातव्या-आठव्या मजल्यावरील खिडक्यांतूनही आत येते आणि ओट्यावर बसते. ही धूळ मऊ नसते. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या मोझच्या मापात संगमरवरातील कॅल्साइटचे स्थान ३ आहे, बेसाल्टमधील मुख्य खनिजांचे ५ ते ६, आणि वाळूतील क्वार्ट्झचे ७. म्हणजे संध्याकाळी आपण कोरड्या फडक्याने ओटा झटकतो तेव्हा वस्तुतः दगडावर दगडाचीच कानस चालवीत असतो. ज्या ओट्यावर एकही आंबट थेंब पडला नाही, तोही वर्षभरात मंद का दिसू लागतो, याचे उत्तर येथे आहे. धूळ प्रथम ओल्या मऊ फडक्याने, न दाबता, उचलून घ्यावी, फडके धुवावे आणि मगच ओटा पुसावा. तारेची घासणी आणि खरखरीत भुकटी यांना या दगडाजवळ थारा देऊ नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. माझ्या परिचयाच्या एका घरी अशाच उडालेल्या पॉलिशचा ठपका कामवाल्या बाईवर ठेवण्यात आला, आणि त्या महिन्याच्या पगारातून पाचशे रुपये वजा झाले. मी तेथे असतानाच हा विषय निघाला. “ताई, तुम्ही दिलेल्या बाटलीतलंच टाकलं हो मी,” एवढेच ती बाई म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. ती बाटली घरमालकिणीनेच आणली होती, तिच्यावर ‘सर्व पृष्ठभागांसाठी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते, आणि ज्याने तो दगड विकला त्याने त्यावर काय वापरू नये हे त्या मालकिणीलाही सांगितले नव्हते. या साखळीत सर्वांत कमी माहिती जिला होती, तिलाच सर्वांत मोठा दंड झाला. मालकीण दुष्ट नव्हती. कर्जाचे हप्ते फेडणारी, नव्या घरावर जीव असलेली साधी स्त्री होती, आणि तिचा संताप खरा होता. परंतु संताप खरा असला म्हणजे त्याचे लक्ष्यही बरोबर असते असे नाही. घरकामगारांसाठी २००८ सालच्या अधिनियमाने महाराष्ट्रात कल्याण मंडळ आहे. तथापि चार भिंतींच्या आत कापलेल्या पाचशे रुपयांची दाद मागण्यासाठी रोज चार-पाच घरांची भांडी घासणारी बाई कोठवर जाणार? तिचा न्याय त्या स्वयंपाकघरातच व्हावा लागतो, आणि तो करणाऱ्याला निदान दगडाचा स्वभाव ठाऊक असला पाहिजे.

तेव्हा डाग पडल्यावर करावयाचे काय, हे येथे सविस्तर सांगतो. कारण योग्य उपाय अवघड नाहीत, त्यांना केवळ धीर लागतो. तेल, हळद, चहा, बीट, जांभूळ यांसारखे आत शिरलेले डाग लेप लावून बाहेर ओढावे लागतात. हे तत्त्व नवे नाही. पुरातत्त्व खाते ताजमहालाचा पिवळेपणा घालविण्यासाठी १९९४ पासून वेळोवेळी मुलतानी मातीचा लेप देत आले आहे. ओली माती वाळत जाताना दगडातील मळ आपल्यात शोषून घेते, मग ती शुद्ध पाण्याने धुऊन काढतात. घरच्या ओट्यावर चहा-हळदीच्या रंगीत डागासाठी खाण्याचा सोडा आणि औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा दह्याइतका घट्ट लेप करून तो डागावर बोटाच्या पेराएवढ्या जाडीने लावावा, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवावा, एक दिवस तसाच ठेवून मग कागद काढावा आणि लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळण्याची ही दुसरी पायरीच खरे काम करते, आणि घाईमुळे नेमकी तीच गाळली जाते. एकाने भागले नाही तर दुसरा, तिसरा लेप द्यावा. पेरॉक्साइड रंग उडविते, म्हणून हा प्रयोग पांढऱ्या दगडापुरताच करावा. काळ्या वा हिरव्या संगमरवरावर करू नये. तेलाच्या डागावर मुलतानी माती किंवा टाल्कम पावडर ॲसिटोनमध्ये कालवून याच पद्धतीने लेप द्यावा; मात्र ॲसिटोन भडकन पेट घेणारे असल्याने शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या असल्यावाचून त्याची बाटली उघडू नये. पावसाळ्यात खाडीकाठच्या या दमट हवेत लेप वाळायला दुप्पट वेळ लागतो. जुना डाग असेल तर दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांची वाट पाहणे शहाणपणाचे. तव्याचा, विळीचा किंवा सिलिंडरच्या कड्याचा गंज मात्र घरी काढू जाऊ नये. गंज काढणारी बाजारातली बहुतेक द्रव्ये आम्लच असतात.

पॉलिश उडालेल्या जागेचा उपाय निराळा आणि तो कारागिराच्या हातचा. वर्तुळ फिके असेल तर संगमरवराच्या पॉलिशची भुकटी पाण्यात कालवून फेल्टच्या चकतीने घोटल्यावर झिलई परत येते. खोल गेले असेल तर हिऱ्याच्या भुकटीचे पॅड, प्रथम भरड आणि मग उत्तरोत्तर बारीक, पाणी सोडीत फिरवावे लागतात. हे काम करणारे कुशल कारागीर, ज्यांपैकी बरेच राजस्थानातून आलेले आहेत, नवी मुंबईत सर्वत्र मिळतात, आणि त्यांचा हात पाहणे हाच एक शिकण्यासारखा अनुभव असतो. तेवढ्या जागेपुरते घोटून ते थांबत नाहीत, कडेकडेने बाहेर सरकत जातात, जेणेकरून नव्या-जुन्या झिलईची सीमारेषा डोळ्याला सापडू नये. माझी शिफारस अशी, की पुन्हा पॉलिश करवून घेण्याची वेळ आलीच तर आरशासारखी चमक मागू नये, मंद घोटाईच मागावी. जेथे चमकच नाही तेथे ती उडाल्याचे चिन्हही फारसे उठून दिसत नाही. सीलरचा लेप अवश्य द्यावा, पण त्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. तो तेल आणि रंग आत शिरण्यास विलंब लावतो, म्हणजे पुसायला अवधी देतो. आम्लापासून तो वाचवीत नाही. सीलर शाबूत आहे की नाही हे पाहण्यास पाण्याचा थेंब पुरेसा आहे. काही मिनिटांनी तो पुसल्यावर खालचा दगड गडद दिसला तर लेप संपला असे समजावे.

इतके जपणे ज्यांना शक्य नाही, आणि दोन्ही माणसे पहाटेची गाडी पकडून मुंबई गाठणारी असलेल्या घरात ते शक्य नसतेच, त्यांनी विकासकाने दिलेला ग्रॅनाइट उखडूच नये, असे माझे निःसंदिग्ध सांगणे आहे. शुभ्रतेची हौस भागवायचीच तर शेगडी आणि सिंकच्या बाजूस ग्रॅनाइट राहू द्यावा आणि पोळ्या लाटण्याच्या बाजूस संगमरवराची एक लादी बसवावी. तेथे तो दगड पिढ्या काढील. बाजारात सांप्रत ‘क्वार्ट्झ’ नावाने मिळणाऱ्या कृत्रिम दगडाकडे पुष्कळांचा ओढा आहे, कारण त्यावर लिंबाचा परिणाम होत नाही. परंतु त्यात सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते, आणि तो कापताना उडणारी बारीक धूळ कारागिरांच्या फुफ्फुसांत कायमची जाऊन बसते. या सिलिकोसिसच्या भयाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या वापरावरच बंदी घातली. आपल्याकडे दुकानांच्या दारात, भर रस्त्यावर, पाणी न सोडता ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झ कापणारी मुले तोंडाला रुमालही न बांधता बसलेली दिसतात. आपल्या ओट्याची किंमत त्यांच्या श्वासाने चुकती होऊ नये याची काळजी गिऱ्हाईकाने घेतली पाहिजे. दगड पाणी सोडूनच कापला जाईल ही अट कामाच्या करारातच लिहून घेता येते.

आणि लिहून घेण्याचाच प्रश्न निघाला आहे म्हणून कायद्याविषयी. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील वा दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, अशी तरतूद २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. पण विकासकाचा ओटा आपणच उखडून टाकल्यावर त्या ओट्यापुरता हा आधार उरत नाही. मग राहतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम, ज्यात वस्तूचा दर्जा, शुद्धता आणि प्रमाण यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क म्हणून नमूद आहे. संगमरवरासाठी भारतीय मानक १९६९ पासून अस्तित्वात आहे, आयएस ११३०. त्यात पाणी शोषण्याच्या आणि काठिण्याच्या मर्यादाही दिलेल्या आहेत. अर्थात मानकानुसार उत्तमातील उत्तम ठरलेला संगमरवरही लिंबापुढे टिकणार नाही, आणि म्हणूनच विक्रेत्याचे कर्तव्य दर्जाच्या हवाल्यावर संपत नाही. औषधाच्या वेष्टनावर धोका छापावा लागतो. हजारो रुपयांच्या दगडाबरोबर चार ओळींचा कागद देणे ही काही जाचक अपेक्षा नव्हे. हा दगड चुनखडीजन्य आहे, आम्ल लागल्यास त्याचे पॉलिश उडते, यावर अमुक वापरावे आणि तमुक वापरू नये, एवढा मजकूर मराठीत, विक्रेत्याच्या सहीशिक्क्यानिशी, पावतीला जोडलेला असला पाहिजे. सजावटकारांनी तो मागितला पाहिजे, गृहनिर्माण संस्थांनी नूतनीकरणाची परवानगी देताना त्याची प्रत दप्तरी ठेवली पाहिजे, आणि ज्या घरात तो दगड बसेल तेथे त्या कागदाची एक प्रत सिंकच्या वर, भांडी घासणाऱ्या बाईच्या नजरेच्या उंचीवर लागली पाहिजे. तिला वाचता येत नसेल तर एकदा बसवून वाचून दाखविली पाहिजे.

असा कागद आज कोणत्याही दुकानात आपणहून मिळत नाही. तोवर ज्यांच्या घरी पांढरा ओटा आहे त्यांनी ॲसिडची बाटली स्वयंपाकघराबाहेर ठेवावी, कोपऱ्यातल्या एखाद्या न दिसणाऱ्या जागी लिंबाचा एक थेंब पाडून त्याचा परिणाम घरातल्या सर्वांना आणि कामाला येणाऱ्या बाईलाही दाखवावा, आणि ज्यांनी या कारणासाठी कोणाचा पगार कापला असेल त्यांनी ती रक्कम येत्या महिन्यात परत करावी.